तालुक्याची सरासरी आणि कोरडवाहू शेत

खरिपाची कापणी आटोपली, खळी उरकली, म्हणजे उत्पन्नाचे आकडे गावाकडून तालुक्याकडे जाऊ लागतात. तेथे त्यांची बेरीज होते, भागाकार होतो आणि तालुक्याची सरासरी ठरते. ही सरासरी गावात वाचून दाखविली, की विहिरीच्या पाण्यावर बाजरी घेणारा शेतकरी म्हणतो, "एवढे थोडे कसे?" आणि मुरमाड माळावरचा कोरडवाहू शेतकरी म्हणतो, "एवढे पिकले तरी कोठे?" आकडे गोळा करणाऱ्या कार्यकर्त्यावर दोघेही रुष्ट होतात. वास्तविक त्याच्या मापात किंवा बेरजेत चूक असतेच असे नाही. सगळ्या शेतांना मिळून एकच आकडा काढला, की असे व्हावयाचेच. त्याच पाहणीतून कोरडवाहू शेतांपुरता वेगळा आकडा काढता येतो काय, तो कसा काढावा आणि काढल्यावर त्यावर भरवसा किती ठेवावा, हे गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेण्यासारखे आहे. त्याला लागणारे गणित शाळेतल्या भागाकार-वर्गमुळापलीकडचे नाही.

आकडा येतो कोठून?

पिकाचा दर हेक्टरी उतारा पीक कापणी प्रयोगांनी ठरविला जातो. महाराष्ट्रात महसूल, कृषी आणि जिल्हा परिषद या तिन्ही खात्यांचे कर्मचारी हे प्रयोग करतात. गाव, गावातील शेत आणि शेतातील जागा ही कोणाच्याही आवडीने न निवडता यादृच्छिक अंकांच्या साह्याने, म्हणजे चिठ्ठी काढावी त्याप्रमाणे, निवडावयाची असतात. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून अंतर मोजून खुंटी ठोकतात, बहुतेक पिकांसाठी १० मीटर लांब व ५ मीटर रुंद असा प्लॉट आखतात आणि त्यातील पीक कापून, मळून, वजन करतात. ५० चौरस मीटर हा हेक्टरचा दोनशेवा भाग होय. तेव्हा प्लॉटमधील वाळलेल्या धान्याच्या किलोंना २०० ने गुणले, की दर हेक्टरी उतारा मिळतो. प्लॉट बांधालगत, सोयीच्या जागी घेण्याचा मोह ज्यांना आवरला नाही, त्यांच्या आकड्यांना पुढे सांगितलेली कोणतीही रीत लावून उपयोग नाही.

१९४० नंतरच्या दशकात ही पद्धत देशात रुजविण्यात डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि डॉ. वि. गो. पानसे यांचा मोठा वाटा होता. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. या दोघांनी शेतीच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी लिहिलेला संख्याशास्त्रीय पद्धतींवरील इंग्रजी ग्रंथ १९५४ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केला. नमुन्यातून आकडा काढला, की त्याच्याबरोबर त्याची त्रुटीही सांगितली पाहिजे, हा या शास्त्राचा पहिला धडा आहे. व्यवहारात मात्र आकडा पुढे जातो आणि त्रुटी वहीत राहते.

सरासरी आणि मधले शेत

समजा, एका तालुक्यात चिठ्ठीने ८ गावे निवडली आणि प्रत्येक गावात बाजरीची ५ शेते घेतली. एकूण शेते ४० झाली. त्यांपैकी १६ पाण्याखालची व २४ कोरडवाहू निघाली. (हे आकडे केवळ रीत समजण्यासाठी घेतले आहेत.) पाण्याखालच्या १६ शेतांची सरासरी हेक्टरी १,६०० किलो आली. कोरडवाहू २४ शेतांचे उतारे चढत्या क्रमाने मांडले, तर ते असे दिसतात:

२८०, ३२०, ३६०, ४००, ४२०, ४४०, ४६०, ४८०, ५००, ५२०, ५४०, ५६०, ५८०, ६००, ६२०, ६४०, ६६०, ७००, ७४०, ७८०, ८६०, ९००, १,१००, १,२४०.

चाळीसही शेतांची मिळून सरासरी सुमारे १,००८ किलो होते. बैठकीत हाच आकडा वाचला जाईल. वरील ओळीत तो शोधू गेल्यास १,००८ किलोपर्यंत पोहोचलेली शेते चोवीसांत दोनच सापडतात. केवळ कोरडवाहू शेतांची सरासरी काढली तर ती ६१२ किलो भरते. हीसुद्धा शेवटच्या दोन भरघोस शेतांनी थोडी वर ओढलेली आहे. ओळीच्या बरोबर मध्यावर, बाराव्या व तेराव्या शेतांच्या दरम्यान, ५७० हा आकडा येतो. यास मध्यक म्हणतात. निम्मी शेते त्याच्या खाली, निम्मी वर. खालून चौथा हिस्सा शेते जेथे संपतात, म्हणजे येथे सहाव्या व सातव्या शेतांच्या दरम्यान, तो ४५० हा आकडा पहिला चतुर्थक होय.

सरासरी आणि मध्यक यांत केवढे अंतर पडू शकते, याचे एक खरे उदाहरण २०१९ सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत सापडते. त्या पाहणीप्रमाणे देशातील शेतकरी कुटुंबाच्या डोक्यावर सरासरी ७४,१२१ रुपये कर्ज होते. त्याच पाहणीप्रमाणे कर्ज असलेली कुटुंबे होती ५०.२ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्म्या कुटुंबांवर मुळीच कर्ज नव्हते. सर्व कुटुंबे कर्जाच्या क्रमाने ओळीत उभी केली, तर मधले कुटुंब कर्जदारांच्या अगदी पहिल्या पायरीवर उभे दिसेल, आणि जी खरोखर कर्जात होती त्यांची सरासरी सुमारे १ लाख ४८ हजार रुपयांच्या घरात जाईल. ७४ हजारांचे कर्ज हे यांपैकी कोणाचेच नेमके चित्र नव्हे.

आता बाजरीकडे वळू. पाच माणसांच्या घरात दर माणशी दिवसाला ४०० ग्रॅम धान्य धरले, तर वर्षाला ७३० किलो लागते. ज्याच्याजवळ एक हेक्टर जमीन आहे आणि पीक बाजरीचेच आहे, अशा घराचा विचार करावा. तालुक्याच्या सरासरीने पाहिले तर घरची गरज भागून पावणेतीनशे किलो बाजरी बाजारात जावी. मध्यकाने पाहिले तर १६० किलो विकत घ्यावी लागेल. पहिल्या चतुर्थकाने पाहिले तर २८० किलो. तालुक्यात स्वस्त धान्याची व चाऱ्याची तजवीज करावयाची की नाही, पुढील हंगामाच्या बियाण्यासाठी कोणाला हात द्यावयाचा, हे यांपैकी कोणता आकडा पुढे जातो त्यावर ठरते. पीक विम्याचा दावा मात्र त्या त्या विमा क्षेत्राच्या सरासरी उताऱ्यावरच ठरतो. तेथे मध्यकाचा हिशेब मांडून उपयोग नाही.

चोवीस शेतांवर भरवसा किती?

येथवर काम सोपे होते. खरी अडचण यापुढे आहे. चिठ्ठीत दुसरी गावे, दुसरी शेते निघाली असती, तर ५७० च्या जागी काय आले असते? नमुना बदलला की आकडा किती हलतो, त्याचे माप म्हणजे प्रमाण त्रुटी. स्थूलमानाने, आकड्याच्या दोन्ही बाजूंस दोन प्रमाण त्रुटींएवढे अंतर सोडले, तर त्या मर्यादांत खरा आकडा बहुतेक वेळा, म्हणजे शंभरात पंचाण्णव वेळा, सापडतो.

शेते कमी झाली की त्रुटी वाढते, आणि ती वर्गमुळाच्या नियमाने वाढते. शेते चौथा हिस्सा उरली, की त्रुटी दुप्पट होते. पाहणी तालुक्यासाठी आखलेली असते. तिचे तुकडे पाडून उपगट केले, की प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला शेते थोडी आणि त्रुटी मोठी येते.

सरासरीची त्रुटी काढण्याचे सूत्र पुष्कळांना ठाऊक असते. मध्यकाला व चतुर्थकाला ते सूत्र लागू पडत नाही. येथे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ राल्फ वुडरफ यांनी १९५२ साली मांडलेली युक्ती कामास येते. तिचे सार असे, की त्रुटी किलोंत मोजू नये, हिश्शात मोजावी, आणि मग ओळीत जाऊन किलो वाचावेत. चोवीस शेतांपैकी ५७० च्या खाली किती? निम्मी, म्हणजे ०.५० हिस्सा. या हिश्शाची त्रुटी किती? हिस्सा गुणिले उरलेला हिस्सा, भागिले शेतांची संख्या, याचे वर्गमूळ. ०.५० गुणिले ०.५० म्हणजे ०.२५, त्यास २४ ने भागून वर्गमूळ घेतले की ०.१०२ येते. त्याची दुप्पट ०.२०४. तेव्हा हिश्शाच्या मर्यादा सुमारे ०.३० व ०.७० झाल्या. चोवीसांत हे स्थान सातवे व सतरावे. ओळीत सातवे शेत ४६० चे व सतरावे ६६० चे आहे. मध्यक ४६० ते ६६० यांच्या दरम्यान आहे, असे या हिशेबाने म्हणता येईल.

परंतु हा हिशेब अपुरा आहे. चोवीस शेते चोवीस ठिकाणांहून स्वतंत्रपणे निवडलेली नाहीत. चिठ्ठी आधी गावांची निघाली. एकाच गावच्या शेतांवर पाऊस एकच पडतो, माती बहुधा सारखी असते, पेरणीची वेळही जुळते. एका गावची पाच शेते पाहिली म्हणजे पाच वेगवेगळ्या साक्षी मिळाल्या असे होत नाही. तेव्हा त्रुटीचा हिशेब गाववार केला पाहिजे, आणि तो एका पानावर मावतो.

प्रत्येक गावात कोरडवाहू शेते किती आणि त्यांतील ५७० च्या खाली किती, हे मांडावे. समजा, पहिल्या गावात ४ पैकी १ खाली होते, दुसऱ्यात २ पैकी १, तिसऱ्यात ३ पैकी १, चौथ्यात २ पैकी २, पाचव्यात ३ पैकी २, सहाव्यात ५ पैकी ५, सातव्यात एकच शेत आणि ते वर, आठव्यात ४ पैकी एकही खाली नाही. आता प्रत्येक गावात निम्मी शेते खाली असती, तर त्या मानाने फरक किती, तो लिहावा. तो अनुक्रमे −१, ०, −०.५, १, ०.५, २.५, −०.५ व −२ येतो. या फरकांची बेरीज शून्य झाली पाहिजे. न झाल्यास मोजणीत चूक आहे असे समजावे. प्रत्येक फरकाचा वर्ग करून बेरीज घेतली, ती १३ भरते. गावे ८, म्हणून तिला ८ ने गुणून ७ ने भागावे, वर्गमूळ काढावे आणि २४ शेतांनी भागावे. उत्तर ०.१६१. मघाशी आलेल्या ०.१०२ पेक्षा ते दीडपटीहून अधिक आहे. मर्यादा आता ०.१८ व ०.८२ झाल्या, म्हणजे ओळीतील चौथे व विसावे शेत: ४०० ते ७८० किलो. गावे आठच असल्यामुळे काटेकोर हिशेब करणारे दुपटीऐवजी २.३६ पट घेतील, आणि मर्यादा आणखी थोड्या रुंदावतील.

ज्या गावात नमुन्यातील एकही शेत कोरडवाहू निघाले नाही, तेही हिशेबातून गाळू नये. त्याचा फरक शून्य लिहावा आणि गावांच्या संख्येत ते धरावे. कोरडवाहू शेते चोवीस निघणार हे आधी कोणी ठरविलेले नव्हते. तेही चिठ्ठीनेच ठरले. गाववार हिशेबात ही गोष्ट आपोआप धरली जाते. चोवीस शेतांचा वेगळा कागद करून बाकीची वही बंद करणाऱ्याच्या हातून मात्र ती निसटते.

दोन भाग करून पाहण्याची रीत

प्रा. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी बंगालमधील तागाच्या पाहण्यांत नमुन्याचे स्वतंत्र भाग पाडून त्यांची उत्तरे एकमेकांशी ताडून पाहण्याची रीत वापरली, आणि पुढे राष्ट्रीय नमुना पाहणीतही ती आली. दोन भागांच्या उत्तरांतील फरकाचा निम्मा म्हणजे प्रमाण त्रुटीचा अंदाज. सूत्र पाठ करावयास नको, आणि मध्यकालाही ही रीत चालते. आपल्या उदाहरणात पहिल्या चार गावांच्या ११ कोरडवाहू शेतांचा मध्यक समजा ६२० व पुढील चार गावांच्या १३ शेतांचा ५४० आला. फरक ८०, त्याचा निम्मा ४०. मर्यादा ४९० ते ६५०.

हे उत्तर मनाला बरे वाटते. तथापि गाववार यादी पुन्हा पाहावी. सहाव्या गावची सगळी शेते खाली आहेत, आठव्या गावची सगळी वर, आणि ही दोन्ही गावे एकाच भागात पडली. त्यांनी एकमेकांना झाकून टाकले. भाग दोनच असले म्हणजे असा योग येतो, आणि कधी कधी फरक शून्यही निघतो. म्हणून ही रीत चूक हुडकण्यास उत्तम. दोन पथकांनी मोजलेल्या भागांत मोठी तफावत दिसली तर मापाची तपासणी करावी. परंतु केवळ दोन भागांवरून त्रुटी लहान ठरवून समाधान मानू नये.

मग म्हणावे काय?

मधल्या कोरडवाहू घराला धान्य कमी पडले, असे ५७० वरून वाटते. पण वरची मर्यादा ७८० आहे आणि घरची गरज ७३०. तेव्हा "निम्म्याहून अधिक घरांना धान्य पुरले नाही" असे या चोवीस शेतांच्या बळावर खात्रीने म्हणता येत नाही. ते संभवनीय आहे, एवढेच म्हणावे.

पहिल्या चतुर्थकाची गोष्ट वेगळी. ४५० च्या खाली असलेली ६ शेते समजा दोनच गावांतील आहेत: दोन चौथ्या गावची व चार सहाव्या गावची. मघाचीच रीत, निम्म्याऐवजी पाव हिस्सा धरून, लावली तर त्रुटी ०.१६२ येते. खालची मर्यादा शून्याच्या खाली, म्हणजे ओळीच्या बाहेर जाते. सर्वांत हलकी शेते नेमकी किती हलकी, हे सांगण्यास हा नमुना पुरत नाही. वरची मर्यादा मात्र ०.५७ वर, म्हणजे चौदाव्या शेताच्या आसपास, ६०० किलोंवर थांबते. २.३६ पट घेतली तरी ती ६४० च्या पुढे जात नाही. गरज ७३० ची आहे. म्हणून निदान चौथा हिस्सा कोरडवाहू शेतांचा हेक्टरी उतारा घरच्या गरजेपेक्षा कमी आहे, हे विधान बैठकीत ठामपणे करता येईल, आणि त्यावर मदतीची मागणी उभी राहू शकेल. तालुक्याची १,००८ ही सरासरी समोर धरली असती, तर ही मागणी निघालीच नसती.

अशा वेळी आणखी खोलात जाण्याची हौस होते. कोरडवाहू शेतांपैकी सुधारित बियाणे पेरलेली किती, त्यांचा मध्यक किती? समजा अशी शेते ७ निघाली. ०.२५ ला ७ ने भागून वर्गमूळ ०.१८९, दुप्पट ०.३७८. मर्यादा ०.१२ ते ०.८८, म्हणजे सातांतील पहिल्या शेतापासून सहाव्यापर्यंत. जवळजवळ सगळी ओळच मर्यादांत आली. एवढ्यावर बियाण्याची शिफारस करणे किंवा त्याला नावे ठेवणे, दोन्ही अयोग्य होय. असा आकडा छापूच नये.

भार विसरू नये

वरच्या उदाहरणात प्रत्येक शेताला सारखे वजन धरले होते. प्रत्यक्षात तसे नसते. एका गावात कोरडवाहू शेते १०० असून त्यांतील एकच निवडले, तर ते शंभरांचा प्रतिनिधी. दुसऱ्या गावात ६० असून दोन निवडली, तर त्यांतील प्रत्येक तीसांचा. यास शेताचा भार म्हणतात. समजा, पहिल्या शेताचा उतारा ३०० व दुसऱ्या दोहोंचा ५०० आणि ७०० आहे. नुसत्या ओळीत मधले शेत ५०० चे. पण भारांची बेरीज १६०, तिचा निम्मा ८०, आणि पहिल्याच शेताचा भार १०० असल्याने मध्यक ३०० वर येतो. मध्यक काढताना शेते मोजण्याऐवजी भार मोजीत जावे, आणि बेरीज निम्म्यावर पोहोचली की थांबावे. गाववार फरकाच्या हिशेबातही शेतांच्या जागी त्यांचे भार घ्यावेत.

पुढील हंगामापूर्वी

कोरडवाहू शेतांचा आकडा हवा आहे हे आधीच ठाऊक असेल, तर पाहणी संपेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. पेरणी झाल्यावर पीक पाहणीच्या नोंदीवरून गावातील बाजरीच्या शेतांच्या दोन याद्या कराव्यात, एक पाण्याखालच्या शेतांची व एक कोरडवाहूंची, आणि चिठ्ठी दोहोंतून वेगवेगळी काढावी. म्हणजे उपगटाला किती शेते मिळणार हे दैवावर राहत नाही. माणसे व दिवस तेवढेच असतील, तर एका गावात अधिक शेते घेण्यापेक्षा अधिक गावे घ्यावीत. आठ गावांत पाच-पाच शेते पाहण्याऐवजी वीस गावांत दोन-दोन पाहिली, तर फिरती वाढेल, पण एखाद्या सहाव्या गावाने सगळा हिशेब हलवून टाकण्याचा प्रसंग कमी येईल.

तालुक्याला पाठवावयाच्या तक्त्यात कोरडवाहू व पाण्याखालच्या शेतांसाठी वेगवेगळ्या ओळी असाव्यात. प्रत्येक ओळीत मध्यक, पहिला चतुर्थक, त्यांच्या खालच्या-वरच्या मर्यादा, शेतांची संख्या आणि गावांची संख्या लिहावी. जेथे शेते दहापेक्षा कमी आहेत तेथे आकड्याची जागा रिकामी सोडून संख्या तेवढी लिहावी. आणि तक्ता रवाना करण्यापूर्वी कार्यकर्त्याने एकदा सहाव्या गावी जाऊन यावे. पाचही शेते खाली का राहिली, पेरणीनंतर पावसाने ओढ दिली की गोसावी रोगाने कणसे गेली, हे ओळीतल्या आकड्यांवरून कळत नाही.